पुलाची मागची बाजू

शालनताई परब कुठल्याही खोलीत शिरल्या की आधी दिवा बंद करायच्या. घर कोणाचं, आत कोण बसलंय, काय चाललंय, हे बघायच्या आधी त्यांचा हात भिंतीवरच्या बटणाकडे जायचा. कोणीतरी "अरे, लाईट गेली की काय!" म्हणायचं, आणि दारातून त्यांचा घोगरा आवाज यायचा, "गेली नाय. मी घालवली. जरा गप बसा, खोली बघू द्या."

आमच्या अंधेरीच्या ऑफिसात त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा हेच झालं. आमची कंपनी विजेची कामं करायची. प्रधानसाहेब मालक, आणि मी निवृत्तीकडे झुकलेला साईट इंजिनीअर. मीटिंगच्या खोलीत आम्ही चार-पाच जण फायली उघडून बसलो होतो. दार उघडलं आणि ट्यूबलाईट गेल्या. खिडकीतून दुपारचा उजेड येत होता, तो हळूहळू टेबलावर पसरला. साठीची एक बुटकी, भरदार बाई दारात उभी होती. सुती साडी, पायांत कॅनव्हासचे बूट, आणि पदराच्या काठाला ओळीने लावलेले कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे.

"हां. आता माणसं दिसली," त्या म्हणाल्या. "मघाशी सगळे मासळीबाजारात बर्फात ठेवलेल्या सरंग्यासारखे दिसत होतात."

प्रधानसाहेब हसले, म्हणून आम्हीही हसलो. त्यांनी माझी ओळख करून दिली. "हे राऊत. पुलाचं काम तेच बघतात."

शालनताईंनी मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं. "राऊत, तुझं नाक चांगलं आहे रे. आजवर कोणी सांगितलं नसेल. वरनं ट्यूब मारल्यावर कोणाला दिसणार ते?"

मी त्यांच्याहून थोडाच लहान होतो. पहिल्या वाक्यापासून त्यांनी मला 'अरे-तुरे' केलं आणि दुसऱ्या दिवसापासून माझं नावही सोडून दिलं. मी त्यांच्यासाठी 'इंजिनेर' झालो, तो कायमचा. मी त्यांना 'ताई' म्हणत असे.

काम होतं एका दगडी पुलाच्या रोषणाईचं. अंधेरी आणि गोरेगावच्या मधल्या भागात, जिला आता सगळे नालाच म्हणतात अशा एका जुन्या नदीवर, पाच कमानींचा पूल आहे. मालाडच्या खाणींतल्या पिवळसर दगडाचा. गाड्या शेजारच्या नव्या पुलावरून जातात, जुन्यावरून पायी माणसं, सायकली आणि बकऱ्या. हा पूल अंधारातही दिसला पाहिजे असं वरच्या लोकांनी ठरवलं आणि काम आमच्याकडे आलं. प्रधानसाहेबांच्या पत्नीने एका नाट्यस्पर्धेत शालनताईंची प्रकाशयोजना पाहिली होती. त्यांनी नवऱ्याला बजावलं होतं, "लग्नाच्या हॉलसारख्या माळा सोडू नका पुलावरून. त्या बाईंना विचारा." ऑफिसात आम्हाला हे विशेष आवडलं नव्हतं. नाटकवाल्या बाईला केबलमधलं काय कळणार, असं आम्ही आपसांत म्हणत होतो. ते काही अगदी खोटंही नव्हतं. केबलचा हिशोब त्यांना येत नसे आणि तो शिकायची त्यांची इच्छाही नव्हती. "ता तुझा काम," त्या म्हणायच्या. "मी तुझ्यात येवचंय नाय, तू माझ्यात येव नको."

बोलताना त्या मुंबईच्या असायच्या. रागावल्या किंवा खूश झाल्या की मालवणी व्हायच्या. वडील गिरणीत होते. सुटीत गावी गेले की दशावतारी मंडळींबरोबर पेट्रोमॅक्स घेऊन फिरायचे, आणि ही पोरगी बत्तीला पंप मारायला सोबत. "रावण इलो की बत्ती जरा खाली धरायची," त्या सांगत. "खालनं उजेड इलो की माणूस राक्षस दिसता. माझो बापूस म्हणायचो, रावणाक अर्धी दाढी मी लावतंय, उरलेली बत्ती लावता." पुढे कामगारांच्या नाटकांत तेलाचे डबे कापून त्यांनी स्वतःचे दिवे केले. रंगीत कागद दिव्यापुढे अडकवायला लाकडी चिमटे लागतात, प्लॅस्टिकचे वितळतात. ते चिमटे पदराला लावायची सवय तेव्हाची. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायच्या, "प्रयोग संपल्यावर घराक जावचा लागला असता ना रे."

त्या नम्र वगैरे मुळीच नव्हत्या. स्वतःच्या कामाचं कौतुक स्वतःच करायच्या आणि दुसऱ्याने केलं तर त्यात चुका काढायच्या. एका नावाजलेल्या नटाला त्यांनी अख्खा अंक पाठमोऱ्या उजेडात उभा केला होता, कारण त्याला रडता येत नव्हतं. तो भांडायला आला तेव्हा म्हणाल्या, "तुझे खांदे चांगले रडतात, ते दाखवले."

पूल बघायला आम्ही पहिल्यांदा गेलो ती संध्याकाळ मला नीट आठवते. दिवस मावळायला वेळ होता. पुलाच्या एका अंगाला नदीकाठी छोटी बाग आहे. बाकांवर म्हातारे, घसरगुंडीवर पोरं, कडेला बसस्टॉप. दुसऱ्या अंगाला वस्ती. तिथली शेवटची रांग पुलाच्या इतकी जवळ की खिडकीतून हात लांब केला तर दगडाला लागेल. वस्तीपलीकडे मुलांचं क्रिकेटचं मैदान, तिथून घरांच्या पत्र्यांवरून पूल दिसतो.

मी नकाशा उघडला. ताईंनी तो बघितलाच नाही. "प्रेक्षक खंय बसतले?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"अरे, बघणार कोण? कुठनं?"

मी बागेकडे बोट दाखवलं. उद्घाटनाचा मांडवही तिथेच घालायचं ठरलं होतं.

"नक्की? मागनं बदलणार नाय?"

"नाही बदलणार."

"मग ही झाली पुढची बाजू. ती मागची. चल, मागे कोण राहतंय बघू."

वस्तीतल्या शेवटच्या रांगेत सुनंदा कांबळे राहायच्या. विमानतळावर साफसफाईच्या कामाला होत्या, पहिल्या पाळीला. नवरा रिक्षा चालवायचा आणि मुलगा दहावीला होता. आम्ही दारात उभे राहिलो तेव्हा त्या भाकरी करत होत्या. मी काही बोलायच्या आत ताई आत गेल्या आणि बटण बंद केलं.

"अहो मावशी!" अंधारातून सुनंदाबाई ओरडल्या. "तव्यावर भाकर आहे माझी! कोण तुम्ही?"

"भाकर वासावर उलटव गो. मी तुझी खिडकी बघतंय."

सुनंदाबाईंनी खरंच भाकरी वासावर उलटली, आणि मग त्यांना हसू आलं. गॅसच्या निळ्या उजेडात स्वयंपाकाची खिडकी दिसत होती. खिडकीच्या चौकटीत पुलाची भिंत होती, बाकी काही नाही. खिडकीशी दोरीवर एक पातळ ओढणी पडद्यासारखी लावली होती.

"तुम्ही ते लायटिंगवाले का?" सुनंदाबाई म्हणाल्या. "मग आत्ताच खरं सांगा. आमच्या डोळ्यांत येणार ना ते? मला तीनला उठायचंय, पोराचं दहावीचं वर्ष आहे. येणार असेल तर मी जाड पडदे घेऊन ठेवते. उगाच नंतर भांडण नको."

"पडदो नको घेव," ताई म्हणाल्या. "तुझ्या खिडकेत माझो उजेड येवचो नाय. शब्द दिलंय मी तुका."

"सगळे असंच म्हणतात मावशी."

"मी सगळ्यांतली नाय." पदराचा एक चिमटा काढून त्यांनी दोरीवरून घसरणारी ओढणी पक्की केली. "नाटकात मागची बाजू असते, बॅकस्टेज. तिथे अंधारच ठेवायचा. तिथल्या माणसांना काम असतं. मग, चहा देतेस काय?"

परत येताना मी म्हटलं, "ताई, पूल दोन्ही बाजूंनी उजळला पाहिजे असं कोणी म्हणालं तर?"

त्या पुलावरच थांबल्या. "उजेड कोणीव करता, इंजिनेर. काळोख करूक शिकाचा लागता." आणि मग मुंबईच्या मराठीत, मला समजेल असं सावकाश म्हणाल्या, "त्या रांगेला मी अंधार देणार आहे. ते पण माझं कामच आहे. कागदावर तसं मांड."

मी तसं मांडलं. आराखड्यावर वस्तीकडची बाजू बिनदिव्याची होती आणि खाली माझी सही होती. प्रधानसाहेबांनी सही बघितली, आराखडा बघितला नाही. ते सगळे आराखडे माझ्या सहीवर सोडत.

पुढचे काही आठवडे आम्ही दोघं संध्याकाळी पुलाशी असायचो. ताई बागेतल्या एका उलट्या क्रेटवर बसायच्या, हातात कांदाभजीचा पुडा, आणि आमच्या वायरमनना ओरडून दिवा इंचभर सरकवायला लावायच्या. निळा दिवा मी सुचवला तेव्हा त्यांनी भजी खाली ठेवली. "मालाडचा दगड आहे हा. भाजलेल्या पावासारखा रंग बघ त्याचा. त्याला निळा लावलास तर मयताचं तोंड दिसेल. पिवळा लाव, तो घरचा वाटतो." त्यांनी दिवे कमानींच्या खाली, काठाच्या आड लपवले. उजेड भिंतीला घासत वर जायचा, आणि छिन्नीचे घाव एकेक करून उठून दिसायचे. बागेत येणारे म्हातारे रोज आम्हाला सल्ले द्यायचे. ताई सगळ्यांचं ऐकायच्या आणि कोणाचंच करायच्या नाहीत.

शेवटच्या चाचणीच्या संध्याकाळी सगळे दिवे एकत्र लागले. ते एकदम लागले नाहीत. ताईंनी ते इतके सावकाश चढवले की पूल उजळतोय हे कळलंच नाही. मावळतीचं ऊन दगडातच राहून गेलंय असं वाटलं. खालच्या काळ्या पाण्यात पाच कमानी उलट्या उतरल्या आणि पाच गोल पुरे झाले. त्या पाण्याकडे आम्ही रोज नाकाला रुमाल लावून बघत होतो. बसस्टॉपवर बस आली, दार उघडलं, आणि कोणी चढलंच नाही. कंडक्टर दारातून वाकून म्हणाला, "काय झालं, कोण पडला का पाण्यात?" मग तोही बघत राहिला.

"ब्येस झालाहा," ताई स्वतःलाच म्हणाल्या. "आता मागे जा. सुनंदाच्या खिडकीतनं बघून ये."

मी गेलो. सुनंदाबाईंचा मुलगा खिडकीखाली पुस्तक घेऊन बसला होता. खिडकीत रोजचा अंधार होता. फक्त पुलाच्या कठड्याच्या वरच्या कडेला, केसाएवढी, सोनेरी रेघ. सुनंदाबाई म्हणाल्या, "लागले का तिकडे? मावशींना सांगा, आम्हाला पत्ताच नाही."

ते ऐकून शालनताई जेवढ्या खूश झाल्या तेवढ्या बसच्या कंडक्टरमुळे झाल्या नव्हत्या. निघताना रिक्षात बसता बसता त्यांनी माझं मनगट धरलं. "आता फक्त प्रेक्षक हलवू नको हां, इंजिनेर. बाकी काय बिघडलं तर मी बघीन."

उद्घाटनाच्या दिवशी दुपारी बागेत पाण्याची लाईन फुटली. मांडव घातला होता तिथे घोटाभर चिखल झाला. पाहुणे मोठे होते, वेळ थोडा होता. मी माणसं लावून मांडव उचलला आणि सुकं म्हणून वस्तीपलीकडच्या मैदानात हलवला. खुर्च्या, व्यासपीठ, बटणाचा खांब, सगळं. चिखलात खुर्च्या मांडता येत नव्हत्या, हे खरं आहे. पण ताईंना एक फोन करायला हवा होता, हेही खरं आहे. त्या गोरेगावला एका शाळेच्या स्नेहसंमेलनाचं काम उरकून थेट येणार होत्या. मी फोन हातात घेतला होता. त्या काय बोलतील ते मला माहीत होतं. त्या कार्यक्रम थांबवायला लावतील, लोकांना पूल ओलांडून पलीकडे उभं करायला लावतील, आणि मला ते प्रधानसाहेबांना जाऊन सांगावं लागेल. मी फोन खिशात ठेवला. मला वाटलं, पूल तो पूल, कुठूनही बघितला तरी थोडा दिसेलच.

अंधार पडल्यावर पाहुण्यांनी बटण दाबलं. टाळ्या सुरू झाल्या आणि थांबल्या. समोर काळी भिंत होती आणि तिच्या डोक्यावर एक बारीक रेघ. पाहुण्यांनी पुन्हा बटण दाबलं. रेघही गेली.

"चालू झालं की बंद झालं?" ते म्हणाले.

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं, मग बरेच हसले. त्याच वेळी शालनताई रिक्षातून पुलावर उतरल्या. आधी त्यांनी बागेकडे बघितलं, तिथे कोणी नव्हतं. मग आमच्याकडे. कठड्यावर दोन्ही हात टेकून त्या ओरडल्या, "अहो, तुम्ही पाठीमागे बसलाय! ही मागची बाजू आहे! बटण परत दाबा आणि इकडे या, पुढे या! दोन मिनिटांत याल चालत!"

पाहुणे प्रधानसाहेबांकडे बघून म्हणाले, "ह्या कोण?" प्रधानसाहेब माझ्याकडे वळले. "राऊत, काय म्हणतायत त्या? खरं आहे का?"

वरून ताई माझ्याकडे बघत होत्या, चाचणीच्या वेळी वायरमनच्या हाताकडे बघायच्या तसं. माझ्या एका वाक्याने सगळी माणसं उठून पलीकडे गेली असती.

"बघतो सर," मी म्हणालो. "तपासून सांगतो."

पाहुण्यांना पुढे दुसरा कार्यक्रम होता, ते गेले. खुर्च्या रिकाम्या झाल्या. ताई पूल उतरून माझ्यापाशी आल्या. मला वाटलं आता मालवणीत सुरू होईल. पण त्या एवढंच म्हणाल्या, "तपास हां, इंजिनेर." आणि पलीकडे बागेतला चिखल तुडवत बसस्टॉपकडे गेल्या.

मी खोटं बोललो नव्हतो. पुष्कळ वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो. मी कोणावर ठपका ठेवला नाही, मी तपासून सांगतो म्हणालो. पण मला तपासायचं काहीच नव्हतं, आणि सांगायचं मी टाळलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात ठरूनच गेलं होतं की नाटकवाल्या बाईने अर्धाच पूल उजळला. आराखडा कोणी मागितला नाही. मीही काढून दाखवला नाही. आठवड्याभरात पुलाच्या दोन्ही अंगांना रंग बदलणाऱ्या पट्ट्या लागल्या. लाल, हिरवा, निळा, जांभळा. त्या मीच लावून घेतल्या. काम तपासायला मी वस्तीकडे गेलो तेव्हा सुनंदाबाई दारात कणीक मळत होत्या. त्यांच्या हातातली कणीक आधी हिरवी झाली, मग लाल.

"मावशींना सांगा," त्या म्हणाल्या, "जाड पडदे घेतले." त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी निरोप पोचवला नाही.

याहून वाईट गोष्ट पुढे झाली. कंपनीत 'परबबाईंचा ब्लॅकआउट' हा विनोद तयार झाला. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी नुसता हसलो. मग पार्टीला, सहलीला, पोरं म्हणायची, "राऊतसर, तुम्ही तिथे होता ना, तुम्ही सांगा." आणि मी सांगू लागलो. चांगला सांगायचो. त्यांच्यासारखा आवाज काढायचो. त्यांनी चिडून स्वतःच मेन स्विच पाडला, हा भाग मी माझ्या पदरचा घातला, कारण त्याशिवाय शेवट रंगत नव्हता. विनोद कंपनीबाहेर गेला. एका जुन्या विहिरीच्या रोषणाईसाठी शालनताईंचं नाव चाललं होतं, ते मागे पडलं. पुन्हा दगडाचं काम त्यांना मिळालं नाही. शाळांची संमेलनं, एकांकिका, एवढंच.

मी निवृत्त झाल्यावर खूप दिवसांनी मला कळलं की त्या आजारी आहेत. मालाडला त्यांची चाळ पाडून नवी इमारत झाली होती. तिथे बहिणीच्या लेकीबरोबर राहत होत्या. दार त्या मुलीने उघडलं. मी आत जाऊन खुर्चीवर बसलो तोच पलंगावरून आवाज आला, "तो आधी बंद कर रे."

मी उठून दिवा बंद केला. खिडकीतून दुपार आत आली. त्या फार बारीक झाल्या होत्या. उशाशी चिमटे होते, त्यांत औषधांच्या चिठ्ठ्या अडकवलेल्या.

"नाक अजून चांगलं आहे," त्या म्हणाल्या.

इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग त्याच म्हणाल्या, "तुझी गोष्ट ऐकली मी. एका पोराने करून दाखवली. मीच मेन स्विच पाडला म्हणे!"

मी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"बरी आहे. पण टायमिंग चुकतंय तुझं. स्विच पाडल्यावर जरा थांबायला हवं. अंधार झाला की लोकांना घाबरायला वेळ द्यावा, मग हसतात." त्यांना खोकला आला. मी पाणी दिलं.

"ताई, मांडव मी हलवला होता," मी म्हणालो. "फोन मुद्दाम केला नाही. आणि साहेबांनी विचारलं तेव्हा..."

"माका कशाक सांगतंस मेल्या?" त्या शांतपणे म्हणाल्या. "माका ठावक आसा. मी कठड्यावर उभी होतंय. पाठी बसलले तेंका सांग."

मी होय म्हटलं. निघताना विचारलं, दिवा लावू का. "नको," त्या म्हणाल्या. "आत्ता बरा पडलाय."

दिवाळीच्या आधी त्या गेल्या. नाटकाच्या लोकांनी गोरेगावच्या एका सभागृहात शोकसभा ठेवली होती. मी मध्यावर कुठेतरी बसलो होतो. एक तरुण दिग्दर्शक बोलायला उभा राहिला. त्याचा त्यांच्यावर खरा जीव होता. तो म्हणाला, "ताईंचा स्वभाव कसा होता सांगतो. एका पुलाच्या उद्घाटनाला..." आणि त्याने माझी गोष्ट सांगितली. माझ्याच शब्दांत, मेन स्विचसकट. सभागृह रडता रडता हसलं. शेजारच्या बाईंनी डोळे पुसत माझ्याकडे बघून मान हलवली, अशा होत्या हो ताई, अशा अर्थाने. मीही मान हलवली. उठून उभा राहिलो नाही. त्या सभेत मला दुसऱ्यांदा विचारण्यात आलं असं मला वाटतं, आणि दुसऱ्यांदाही मी तपासून सांगतो म्हणालो.

त्यानंतर मी पुलावर गेलो. रंगीत पट्ट्या केव्हाच बंद पडल्यात. त्यांची टोकं कमानींवरून लोंबत होती. संध्याकाळ होती. पाठी बसलेल्यांना सांग, असं ताई म्हणाल्या होत्या. मी सुनंदा कांबळ्यांच्या दारात गेलो. त्यांचे केस पांढरे झालेत, कामावर अजून जातात. मुलगा पुण्याला नोकरीला आहे. मी उंबऱ्यापाशी उभ्यानेच सगळं सांगितलं. मांडव, फोन, साहेब, स्विच.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आम्हाला माहीत होतं हो, राऊतसाहेब. मावशींनी शब्द दिला होता आणि पाळला होता. तेवढे आठ-दहा दिवस खिडकीत अंधारच होता ना? आम्ही मागेच राहतो. आम्हाला कशाला सांगता? खुर्च्यांवर बसले होते त्यांना सांगा."

खिडकीवर जाड पडदा होता, आता बाजूला सारलेला. तो मागे धरून ठेवायला एक लाकडी चिमटा लावला होता, जुना, काळा पडलेला.

प्रधानसाहेब मुलुंडला मुलाकडे असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना फोन केला.

"सर, राऊत बोलतोय. पुलाचं तपासून सांगतो म्हणालो होतो."

"कुठला पूल?"

मी सांगितलं कुठला. आणि मग बाकीचं सांगितलं. पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला.

"राऊत," ते म्हणाले, "अहो, आता काय त्याचं? बाई गेल्या ना?"

"हो सर."

"मग?"

"सांगायचं राहिलं होतं, सर."

"पण मला त्या वेळी म्हणाला असतात तर..." ते थांबले. "आमची ही तेव्हा म्हणत होती, त्या बाई असं करणार नाहीत. मी तिलाच वेड्यात काढलं." मग म्हणाले, "ठेवतो," आणि फोन ठेवला.

मांडवात त्या दिवशी पुष्कळ माणसं होती. त्यांपैकी बहुतेकांना मी ओळखत नाही. ज्यांनी नंतर माझ्या तोंडून विनोद ऐकला ते आणखी वेगळे, आणि ज्यांनी त्यांच्याकडून ऐकला ते किती, कोण जाणे. एकेकाला गाठणं आता माझ्याच्याने होणार नाही. म्हणून हे लिहिलं. तुम्ही त्या संध्याकाळी तिथे बसला असाल, तर तुम्ही काळी भिंत पाहिलीत. ती शालन परबांनी कोणाच्या तरी झोपेसाठी मुद्दाम काळी ठेवली होती. त्याच वेळी पलीकडे, रिकाम्या बागेसमोर, पाचही कमानी लागलेल्या होत्या. पूल बरोबर होता. खुर्च्या मी फिरवल्या होत्या.